ठकूची सहा लुगडी

टेपाच्या वाडीत कुणाचं काही अडलं, की लोक आधी ठकू मुकणेकडे जात आणि ठकूनं सांगितलं तरच सरपंचाकडे. ती वाडीची पुढारी नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, कुठल्या पक्षाचा बिल्ला तिनं कधी लावला नव्हता. पण तोंड असं, की भांडायला येणाऱ्यानं आधी पाणी पिऊन घ्यावं. कचेरीतल्या शिपायापासून वीटभट्टीच्या मुकादमापर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं, आणि तरी कुणाच्या मनात तिच्याबद्दल अढी नव्हती. कारण भांडण संपलं की पहिली हसायची तीच.

वाडी खर्डी स्टेशनपासून तासाभराच्या पायवाटेवर. गावची भातशेती संपते आणि जंगल खात्याचे दगड सुरू होतात, तिथं एका टेपाडावर तीस-बत्तीस कुडाची घरं. वाडीतल्या कुणाच्याच नावावर जमीन नाही. पावसाळ्यात गावकऱ्यांच्या शेतात लावणी, मग कापणी, मधल्या वेळात ओढ्यातल्या चिंबोऱ्या, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन सगळे भट्टीवर. ठकूचा जन्म भट्टीवरचा, लग्न भट्टीवर ठरलेलं, मुलगी रंजना भट्टीवरच झालेली. तिच्या वयाचा दाखला कुठंच नव्हता. मतदार यादीत दर खेपेला तिचं वय निराळं असे, आणि एका यादीत तर ती आधीच्या यादीपेक्षा चार वर्षांनी लहान झाली होती. तेव्हा नवऱ्याला, बारक्याला, तिनं आठवडाभर सुनावलं, "सरकार म्हनतं मी लहान झाले. तूच कसा रं म्हातारा होत चाललास?"

वाडीत चांगल्या लुगड्यांची एक रीत होती. लुगडं जिचं असेल तिचं; पण शहापूरला दवाखान्यात, कचेरीत, बाजारात जायची वेळ आली, की जी जाणार ती ते नेसणार. आली की धुऊन, वाळवून परत. मागायला संकोच नाही, द्यायला नखरे नाहीत. सगळ्या वाडीत मिळून अशी सहा लुगडी होती. रोजच्या नेसणीला प्रत्येकीकडे दोन जुनी पातळं, तीही ठिगळाची. वाडीबाहेर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. शहापूरच्या लोकांना टेपाच्या वाडीच्या बायका कायम नीटनेटक्याच दिसल्या, आणि ठकूला याचा फार अभिमान होता.

दोन हजार दोन सालची दिवाळी झाली आणि रंजनाला बघायला मुरबाडकडचे पाहुणे आले. मुलगा अजय वाशिंदच्या एका कारखान्यात कंत्राटावर माल चढवायला होता. दोन बुकं शिकलेला, दारूला न शिवणारा. असं स्थळ वाडीत पूर्वी कधी आलं नव्हतं. मुलाची आई धोंडीबाई उंच, ताठ आणि कमी बोलणारी. बसल्या जागेवरून तिचे डोळे कुडाच्या भिंतीपासून चुलीपर्यंत सावकाश फिरून आले.

ठकूची तयारी चोख होती. स्टीलची ताटं अंगणवाडीच्या देवकीबाईंकडून आणलेली. देवकीबाई गावातल्या शेतकरी घरातल्या, पण वाडीत त्यांचं जाणं-येणं होतं. कोंबडी शिजत होती. आणि दारापुढच्या दोरीवर वाडीतली सहाच्या सहा लुगडी ओळीनं वाळत घातली होती, जशी काही या घरातलीच.

पाहुणे पहिला घोट चहा घेत होते तेवढ्यात काखेत कागदांचं बाड घेऊन शाळेचे गुरुजी आले. सरकारनं गरिबांची मोजणी काढली होती आणि ती गुरुजींच्या गळ्यात पडली होती. सकाळपासून उन्हात फिरून त्यांचा चेहरा उतरला होता. तेरा प्रश्न विचारायचे, माणूस सांगेल ते लिहायचं, खाली अंगठा घ्यायचा. गुरुजींनी पाहुण्यांकडे पाहिलं, थोडे घुटमळले; पण संध्याकाळच्या आत वाडी उरकायची होती.

"ठकू, घरात माणशी कपडे किती?" त्यांनी विचारलं.

बारक्यानं तोंड उघडलं. ठकूनं त्याच्या पायावर पाय दिला. "सहा लुगडी, गुरुजी. दोरीवर दिसतात ना. पेटीत आनखी हायत."

घरात पेटी नव्हती.

"दोन वेळचं पोटभर जेवण मिळतं का? बाराही महिने?"

"दोन येलंचं काय घेऊन बसलात? पावना आला तर तिसऱ्यांदाबी चूल पेटते आमची."

गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. भर पावसाळ्यात ठकूची धाकटी पोरं शाळेत खिचडीसाठीच येत. त्यांनी आवाज खाली आणला. "ठकू, नीट विचार करून सांग."

"इचार करूनच सांगते, गुरुजी."

पुढचा प्रश्न परसाकडं कुठं जाता असा होता. गुरुजी तो अर्धाच बोलले. ठकू एकदम उसळली, "गुरुजी, पावनं बसलेत!" आणि गुरुजींनी घाईघाईनं काहीतरी खूण करून टाकली. तिनं कागदाकडे न बघताच अंगठा उठवला. धोंडीबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोर आमाला पसंत हाय." ठकूला त्या क्षणी गुरुजींचे उपकारच वाटले.

लग्न भट्टीवरून परतल्यावर झालं, नीट पार पडलं. रंजना सासरी रमली. अजयला चार महिन्यांत सासुरवाडीचं खरं कळलं असणारच. पण पोरगा शहाणा, अवाक्षर बोलला नाही. धोंडीबाई चार वर्षांत तीनदा येऊन गेली, आणि तीनही वेळा ठकूच्या दोरीवर सहा लुगडी वाळत होती. वाडीतल्या बायकांना आता सांगावंही लागत नसे. मुरबाडची विहीण येते म्हटलं, की ज्या त्या आपणहून लुगडं आणून देत आणि हसत हसत जात.

दोन हजार सहा साली ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. चार वर्षं कुठंतरी कोर्टकचेऱ्यांत अडकलेली ती मोजणी एकदाची कॉम्प्युटरमधून छापून बाहेर पडली होती. ज्याचं नाव यादीत, त्याला घरकुल. सिमेंटचं, पत्र्याचं, आतून कडी लागणाऱ्या दाराचं. देवकीबाईंनी बोट फिरवत नावं वाचली. बायजाचं होतं, जयाचं होतं. वाडीतल्या सगळ्यांची होती. मुकण्यांचं एक घर तेवढं नव्हतं. मोजणीत प्रत्येक उत्तराला गुण होते. ठकूला वाडीत सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते, आणि या परीक्षेत जास्त गुण मिळवणारा नापास होता.

ठकू आधी पोट धरून हसली. "म्हंजे वाडीतली शेठानी मी!" बारक्या मात्र हसला नाही. "मी सांगतच व्हतो. तवा पायावर पाय दिलास." रात्रभर त्यानं तिच्याकडे पाठ केली. पहाटे ठकूही हसायची थांबली होती. तिला ते दार हवं होतं. चाळीस वर्षं कुडाच्या आणि भट्टीवरच्या पाचटाच्या झोपडीत काढली होती. आंघोळ करायची तर अंधार बघून, दोन बायकांनी पातळ धरून. रंजना दुसऱ्या बाळंतपणाला येणार होती आणि तिच्यासाठी एक बंद होणारं दार असावं एवढंच ठकूचं म्हणणं होतं.

"नवा कायदा आलाय," देवकीबाई म्हणाल्या. "माहितीचा अधिकार. तुझा फॉर्म मागून घेऊ. त्यात काय लिवलंय ते कागदावर आलं, की हरकत घेता येते."

अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागत होतं. यादीतल्या गरिबांना ते माफ होतं, पण ठकू यादीत नव्हती. "गरीब नाय म्हनून गरीब हाय ते इचारायलाबी पैशे!" ती शहापूरच्या कचेरीत एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दोन कारकून आणि एक वकील हसले. महिन्याभरात कागद आला. देवकीबाईंनी वाचून दाखवला. ठकू गालावर हात ठेवून ऐकत राहिली, जशी काही दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे. "कोन गो ही बाई? सुखात दिसते," ती म्हणाली. खाली अंगठा तिचाच होता.

खरी गाठ पुढेच पडली. रंजनाला पोहोचवायला आलेल्या अजयनं सहज सांगितलं, की शहापूरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात त्यानं ही यादी पाहिली. नुसती नावं नव्हे, घरोघरची उत्तरंही त्यात आहेत. कपडे किती, जेवण किती वेळा, परसाकडं कुठं.

"ते कोन बघू शकतं?" ठकूनं विचारलं.

"कोनबी. मुंबईत बसून बघा, दिल्लीत बसून बघा."

"मुरबाडात?"

"मुरबाडात तर दोन दुकानं हायत," अजय म्हणाला.

ठकूचं जेवणावरचं मन उडालं. उत्तर बदललं नाही तर दार नाही. बदललं तर 'ठकू मुकणे, दोन पातळं, पावसाळ्यात एक वेळ' असं सगळ्या मुलखाला दिसणार. आणि सगळा मुलूख गेला खड्ड्यात, पण धोंडीबाईला कळणार. चार वर्षांची सहा लुगडी एका झटक्यात दोरीवरून खाली येणार. पोरीला कुणी टोमणा मारला असता तर ठकू मुरबाडला चालत जाऊन भांडली असती. पण आपल्याच खोटेपणावरून टोमणा आला, तर काय तोंडानं भांडायचं?

हरकती ऐकायला ग्रामसभा ठरली. त्याच आठवड्यात रंजनाला मुलगा झाला आणि नातवाला बघायला धोंडीबाई येऊन दाखल झाली. ठकू सभेला निघाली, तशी तीही थोरल्या नातीला कडेवर घेऊन उठली. "मीबी येते. तुमच्याकडं सभा कशी चालते, बघू तरी." नको म्हणायला ठकूला कारण सापडेना.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. शहापूरहून आलेले साहेब तरुण होते, भले होते, पण कामाची पद्धत त्यांनी वरून आली तशीच उचललेली. हरकत घेणाऱ्याचं नाव पुकारायचं, आधीची उत्तरं मोठ्यानं वाचायची, आणि मग सगळ्यांसमोर त्यानं खरं काय ते सांगायचं. पहिलं नाव गिरजाचं निघालं. गिरजा पलीकडच्या पाड्यावरची विधवा बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"दोन वेळ पोटभर, असं लिहिलंय. बरोबर आहे का?" साहेबांनी विचारलं.

गिरजा उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाय, सायेब. येक येल... कवा कवा..." मागच्या बाजूला काही पोरं फिसकन हसली. साधीच हसली असतील, पण गिरजा वाक्य पुरं न करताच खाली बसली. "माजी हरकत नाय," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. "ठकू बारक्या मुकणे."

ठकू उठली तेव्हा तिच्या मनात विहिणीची भीती होती. पण गिरजाची खाली गेलेली मान बघून तिचं डोकं असं तडकलं, की भीती कुठल्या कुठे गेली.

"सायेब, मत द्यायला मी ह्याच शालेत येते," ती म्हणाली. "तवा तुमी काय करता? पुठ्ठ्याचा आडोसा लावता. आत मी कोनाला मत देते ते माज्या घरवाल्यालाबी दिसत नाय. दोन मिनटाचं काम, त्याला आडोसा. आनि माज्या पोटात काय पडतं ते सगल्या गावाफुडं? मत झाकून, आनि पोट उघडं?"

सरपंच हसत म्हणाले, "ठकू, तो निवडणुकीचा नियम आहे गं."

"मंग ह्याचाबी करा."

साहेब गडबडले. "बाई, हे पारदर्शक व्हायला हवं. नाहीतर उद्या श्रीमंत माणसं यादीत घुसतील."

"यादी भिंतीवर लावा. नावं वाचा, मोठ्यानं वाचा, भोंगा लावून वाचा. कोन घुसलं ते आमी सांगू. पन कोनाच्या दोरीवर किती लुगडी ते कशाला वाचता?"

मागून एक जण ओरडला, "आडोशाला जाऊन कोणीबी खोटं सांगेल!"

ठकू गर्रकन वळली. "आडोशाला कोन खोटं सांगतं? खोटं मी सांगितलं व्हतं, सगल्यांच्या फुडं! पावनं बसलेले, गुरुजींनी इचारलं, आनि मी सांगितलं सहा लुगडी. माजी नुसती दोन जुनी पातलं. ती सहा सगल्या वाडीची. चारचौघांत इचारलंत तर मानूस खोटंच सांगनार, सायेब. लाज सगल्यांना असते."

बोलून झालं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. वडाखाली धोंडीबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ठकूनं तिकडे बघितलं नाही. पण ती खाली बसली नाही.

सभेत कडेला गुरुजी बसले होते. आता केस पांढरे झालेले. ते उठून उभे राहिले. "बाई खरं बोलते, साहेब. मीच विचारलं होतं, पाहुण्यांसमोर. तेव्हाच मला उठून जायला हवं होतं." एवढं बोलून ते शाळेत गेले आणि कपाटावरचा पुठ्ठा काढून घेऊन आले. गेल्या निवडणुकीचा तो आडोसा तिथंच पडून होता. पोरांनी त्यावर शाईनं मोर काढला होता.

साहेबांनी थोडा वेळ पेन चावलं. मग टेबल वर्गात न्यायला सांगितलं, वर पुठ्ठा उभा केला. एकेकानं आत यायचं, दारात गुरुजी बसतील, उत्तर फक्त कागदावर जाईल आणि खातरजमेला साहेब स्वतः घरी येऊन बघतील. कॉम्प्युटरमधलं मात्र माझ्या हातात नाही, ते वरून होतं, असंही त्यांनी खरं खरं सांगून टाकलं. "पण ग्रामसभेनं ठराव केला, की उत्तरं जाहीर करू नयेत, तर तो मी वर पाठवीन." ठराव तिथल्या तिथं झाला. सूचक म्हणून ठकूचा अंगठा घेतला. या वेळी तिनं आधी देवकीबाईंकडून कागद वाचून घेतला.

ठकूनं रांगेत गिरजाला पुढे घातलं. गिरजा आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते, पण मान वर होती. मग ठकू आत गेली. तिनं काय सांगितलं ते साहेबांना ठाऊक आणि त्या मोराला.

पुढे तिचं नाव लागलं. घर व्हायला आणखी दोन वर्षं गेली. दाराला कडी बसली त्या दिवशी ठकूनं ती दहादा लावली आणि दहादा काढली. कॉम्प्युटरवरची जुनी उत्तरं मात्र बरीच वर्षं तशीच राहिली. तिथं ठकू अजून सहा लुगड्यांची शेठाणी होती आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी ती वर्गातून बाहेर आली तेव्हा तिला घराचं काहीच वाटत नव्हतं. वडापर्यंतची वीस पावलं चालायची होती आणि ती चालवत नव्हती. धोंडीबाई उठली होती. ती ठकूकडे आली नाही. नातीला कडेवर घेऊन, रांगेच्या बाजूनं, ताठ चालत ती थेट वर्गाच्या दाराशी गेली. गुरुजींना ओलांडून तिनं आत मान घातली.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यो पुठ्ठा आमच्याकडं मुरबाडला कवा येनार?"

साहेबांनी वर पाहिलं. "आजी, तो तालुका माझ्याकडे नाही. तिथले साहेब वेगळे. असा ठराव तुमच्या ग्रामसभेला करावा लागेल."

"असं," धोंडीबाई म्हणाली. ती वळली, पण निघाली नाही. नातीच्या झबल्याची गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली. तिची मान खाली होती. चार वर्षांत ठकूनं ती कधी खाली गेलेली पाहिली नव्हती.

ठकू तिच्याजवळ गेली. नातीला आपल्या कडेवर घेतलं आणि ठरावाची वही मिटणाऱ्या देवकीबाईंना हाक मारली.

"बाय, ह्या ठरावाची नक्कल मागायची हाय. अर्ज लिवा. दोन नकला."

"दोन कशाला गो?" देवकीबाईंनी विचारलं.

"येक माजी," ठकू म्हणाली, "आनि येक माज्या विहिणीची."